फुकट अँटीव्हायरसमधलं नेटवर्क प्रोटेक्शन: कुठल्यात खरंच काय मिळतं ते कसं ताडून बघायचं

अव्हास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर, कॅस्परस्की, कोमोडो आणि विंडोजमध्ये आधीच बसलेला डिफेंडर, सगळ्यांच्या पानावर नेटवर्क प्रोटेक्शन नाहीतर तसंच काहीतरी लिहिलेलं असतं, शेजारी हिरवी टिक असते आणि माणूस तेवढं बघून डाउनलोड मारतो. पण एकाची टिक म्हणजे फायरवॉल, दुसऱ्याची म्हणजे फिशिंग, म्हणजे पासवर्ड चोरायला बनवलेल्या खोट्या साइट अडवणं, तिसऱ्याची म्हणजे घरच्या वायफायवर कोण कोण बसलंय त्याची यादी, आणि चौथ्याची म्हणजे महिन्याला ५०० एमबीचं व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय. ह्या चार गोष्टींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. म्हणून टिका मोजून तुलना करायचीच नाही, आधी कामं वेगळी काढायची आणि मग कुठलं काम कोण फुकटात करतं ते बघायचं. खाली सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय, मोबाइलचा विषय वेगळा आहे.

कामं कुठली कुठली

पहिलं फायरवॉल. हे सोसायटीच्या वॉचमनसारखं असतं, आत येणाऱ्याची वहीत नोंद, बाहेर जाणाऱ्याला रामराम. विंडोजचा फायरवॉल बाहेरून येणारं कनेक्शन मुळातच अडवतो आणि आतून बाहेर जाणाऱ्याला डिफॉल्टमध्ये काहीच विचारत नाही. म्हणजे एखादा चोरटा प्रोग्राम आधीच आत येऊन बसला असेल आणि तो तुमचा डेटा बाहेर पाठवत असेल तर फायरवॉल चालू असूनही गप्प बसणार. जाणाऱ्यालाही हटकणारा फायरवॉल हवा असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येतो.

दुसरं काम हल्ला ओळखायचं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा कुणी कुठल्या लिंकवर क्लिक करायची गरजच नव्हती, एकाच नेटवर्कवरच्या एका मशिनवरून दुसऱ्यावर तो ४४५ नंबरच्या पोर्टमधून, म्हणजे नेटवर्कवर ये-जा करायच्या एका नंबरी दारातून, विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगच्या भोकातून उडी मारत होता, आणि त्या भोकाचं पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच काढलेलं होतं. अशा ठिकाणी फाइल स्कॅन करणारा अँटीव्हायरस उशिरा पोचतो, नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, ठेवण बघूनच "हा तो हल्ला" म्हणणारं काहीतरी लागतं. कंपन्या ह्याला नेटवर्क अटॅक ब्लॉकर, इंट्रूजन प्रिव्हेन्शन वगैरे म्हणतात, आणि बहुतेक वेळा हेच पैशाच्या आवृत्तीत ढकललेलं असतं.

तिसरं वेब शील्ड, आणि फुकटच्या प्रॉडक्टमध्ये खरा फरक इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे ब्राउझर आणि साइटच्या मधला मजकूर कुलूपबंद. बाहेर उभ्या असलेल्या प्रोग्रामला फार तर साइटचं नाव दिसतं, आत काय चाललंय ते दिसत नाही. मग अँटीव्हायरसकडे तीन रस्ते उरतात. एक तर नुसतं नाव बघून काळ्या यादीतली साइट अडवायची. दुसरा रस्ता ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, टाकायचं, ते आतूनच बघतं. आणि तिसरा म्हणजे तुमच्या विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी मानायची ते ठरवणारा मूळ दाखला, घालायचं, मध्ये उभं राहायचं, कुलूप उघडून मजकूर वाचायचा आणि परत कुलूप लावून ब्राउझरला द्यायचा. तिसऱ्यात सगळ्यात जास्त पकडता येतं हे खरं, पण त्याच वेळी तुमचं नेटबँकिंग, मेल, डॉक्टरच्या रिपोर्टचं पोर्टल, सगळंच त्या प्रोग्रामसमोरून जातं. २०१७ साली काही विद्यापीठं, गुगल, मोझिला आणि क्लाउडफ्लेअरच्या संशोधकांनी मिळून हे तपासलं होतं तेव्हा अशा मध्ये उभ्या राहणाऱ्या बऱ्याच प्रॉडक्टनी उलट कनेक्शनची सुरक्षितता कमी केलेली निघाली, कारण ब्राउझर जेवढ्या काटेकोरपणे सर्टिफिकेट तपासतो तेवढं हे तपासत नव्हते.

चौथं वायफाय इन्स्पेक्टर, म्हणजे राउटरचा पासवर्ड कच्चा आहे का, नेटवर्कवर अनोळखी डिव्हाइस आहे का ते सांगणारा. हा फक्त सांगतो, अडवत काही नाही. पाचवं व्हीपीएन, ते फुकटात इतकं थोडं मिळतं की तुलनेत धरूच नका.

नवीन काही टाकायच्या आधी विंडोजमध्ये काय आहे ते बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शनवर जा. डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशी तीन नावं दिसतील, त्यातलं जे चालू असेल त्याच्यापुढे ॲक्टिव्ह लिहिलेलं असतं. घरच्या वायफायवर प्रायव्हेट चालेल, पण प्रिंटर किंवा फोल्डर शेअर करत नसाल तर घरीही पब्लिकच ठेवा, काही बिघडत नाही. स्टेशनवर, हॉटेलात, कॉलेजच्या नेटवर पब्लिक म्हणजे पब्लिकच. बदलायचं असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे त्या वायफायची प्रॉपर्टीज, आणि वरच दोन पर्याय असतात. पब्लिकच्या पानावर आणखी एक चौकोन असतो, सगळीच येणारी कनेक्शन अडवा, परवानगी दिलेल्या ॲपचीसुद्धा. प्रवासात तो टिक करून ठेवायला हरकत नाही.

आणि ती खिडकी येते ना, विंडोज फायरवॉलने ह्या ॲपची काही फीचर्स अडवली आहेत म्हणणारी, तिथे लोक न वाचता प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्हीवर टिक करून अलाउ दाबतात, मग वर्षानुवर्षं ते भोक तसंच राहतं. जुना गेम कधीच काढून टाकलेला असतो, नियम मात्र शाबूत. अलाउ ॲन ॲप थ्रू फायरवॉलच्या यादीत जाऊन पब्लिकच्या रकान्यात टिक कुणाकुणाची आहे ते एकदा बघाच, पाच मिनिटांचं काम आहे आणि कुठलाही नवा अँटीव्हायरस टाकण्यापेक्षा ह्याचा फायदा जास्त.

डिफेंडरमध्ये हल्ला ओळखणारा भागही आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. टास्क मॅनेजर उघडून बघा, मायक्रोसॉफ्ट नेटवर्क रिअलटाइम इन्स्पेक्शन सर्व्हिस नावाचं काहीतरी चालू दिसेल, तेच ते. होम आवृत्तीतही असतं, वेगळं काही चालू करावं लागत नाही.

वेब अडवायचं काम मायक्रोसॉफ्टचा स्मार्टस्क्रीन करतो, पण तो मुख्यतः त्यांच्याच एज ब्राउझरपुरता. क्रोमवाल्यांना गुगलचं सेफ ब्राउझिंग असतं, त्यात एनहान्स्ड मोड चालू केला तर जास्त कडक तपासणी होते, बदल्यात गुगलकडे जास्त माहिती जाते, ते तुम्ही ठरवा. ह्याशिवाय डिफेंडरमध्ये नेटवर्क प्रोटेक्शन ह्याच नावाचं एक खास फीचर आहे जे विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून आलं, ते स्मार्टस्क्रीनची यादी फक्त एजला न लावता सगळ्या प्रोग्रामना लावतं, म्हणजे फायरफॉक्स असो की मागे लपून नेट वापरणारी एखादी स्क्रिप्ट, वाईट पत्त्यावर जायला लागली की अडवतं. साध्या मशिनवर ते डिफॉल्टमध्ये बंद असतं. मायक्रोसॉफ्टच्या कागदावर ते प्रो आणि एंटरप्राइझसाठी आहे, प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटीव्हायरस, त्यात एक्स्प्लॉइट गार्ड आणि त्यात नेटवर्क प्रोटेक्शन, तिथली पॉलिसी एनेबल करून खाली ब्लॉक निवडा. ऑडिट निवडलंत तर नुसती नोंद होते, अडवत नाही. होमवाल्यांकडे हा एडिटरच नसतो, त्यांच्यासाठी खाली डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, उपाय आहे.

आता ह्यातली मेख. दुसरा कुठलाही अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतो, आणि तो बाजूला झाला की त्याच्यावर अवलंबून असलेलं हे नेटवर्क प्रोटेक्शनही बंद पडतं. म्हणजे "आणखी एक संरक्षण" म्हणून तुम्ही जे टाकलंत त्यात वेब शील्ड तकलादू असेल तर बेरीज वजा होते. फायरवॉलचं तसं नाही, नव्या प्रॉडक्टमध्ये स्वतःचा फायरवॉल नसेल तर विंडोजचा चालूच राहतो. कोण चालू आहे ते बघायला विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स म्हणून आहे, तिथे अँटीव्हायरस आणि फायरवॉल दोन्हीपुढे कुणाचं नाव आहे ते सरळ दिसतं.

कोण काय फुकट देतं

अव्हास्ट आणि एव्हीजी एकत्रच घ्या. अव्हास्टने एव्हीजी २०१६ मध्ये विकत घेतलं, आत इंजिन एकच, रंग वेगळा. अविराही पुढे नॉर्टनवाल्यांनी घेतलं, २०२२ मध्ये नॉर्टन आणि अव्हास्ट एक झाले, आणि आता हे चारही ब्रँड जेन डिजिटल नावाच्या एकाच घरातले आहेत. त्यामुळे "अव्हास्ट बरा की एव्हीजी" ह्या वादावर संध्याकाळ घालवू नका.

अव्हास्ट फ्रीमध्ये वेब शील्ड आहे आणि ते वर सांगितलेल्या तिसऱ्या रस्त्याने, म्हणजे कुलूप उघडून बघतं. साधा फायरवॉल आहे, राउटर आणि डिव्हाइस तपासणारा नेटवर्क इन्स्पेक्टरही आहे. पोर्ट स्कॅन, म्हणजे कुठलं दार उघडं आहे ते कुणी चाचपल्याची सूचना, एआरपी स्पूफिंगची, म्हणजे त्याच नेटवर्कवर कुणी दुसऱ्याचं सोंग घेऊन मध्ये घुसल्याची सूचना, रिमोट डेस्कटॉपवर (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या विंडोजच्या सोयीवर) पासवर्ड मारत बसणाऱ्यांना अडवणारा रिमोट ॲक्सेस शील्ड आणि खोट्या डीएनएसपासून वाचवणारा रिअल साइट, हे सगळं प्रीमियममध्ये. मेनूत दिसतं सगळंच, दाबलं की कुलूप दिसतं. काम म्हणून बघितलं तर फुकटात सगळ्यात भरलेलं ताट हेच आहे, पण २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या व्यापार आयोगाने, ह्याच कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले, कारण ग्राहक कुठल्या साइटवर जातात ती माहिती जंपशॉट ह्या स्वतःच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. जंपशॉट २०२० मध्येच बंद झाली, पण वेब शील्ड म्हणजे तुमचं सगळं ब्राउझिंग बघणारं यंत्र, हे विसरू नका. टाकलंत तर सेटिंग्जमधल्या पर्सनल प्रायव्हसीमध्ये जाऊन माहिती शेअर करायच्या टिका काढा, इन्स्टॉल करताना सोबत येणारा ब्राउझरही नाकारा.

बिटडिफेंडर फ्री जुना बंद होऊन २०२२ मध्ये नव्याने आला. ह्यात फायरवॉल नाही, वायफाय तपासणी नाही, पण ऑनलाइन थ्रेट प्रिव्हेन्शन फुकटात आहे, फिशिंग आणि घातक साइट अडवतो, त्रास देत नाही, जाहिराती माफक. विंडोजच्या फायरवॉलवर हा एकटा वेब शील्ड चढवायचा ही माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत जोडी. सेटिंगमध्ये एन्क्रिप्टेड वेब स्कॅनचं बटण आहे, ते चालू म्हणजे तोही कुलूप उघडणार.

कॅस्परस्की फ्रीमध्ये वेबची तपासणी चांगली आहे, फायरवॉल आणि नेटवर्क अटॅक ब्लॉकर पैशाचे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ह्या वाटेला जाऊच नये, तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर तिथे अपडेटही बंद झाले. भारतात तशी बंदी नाही.

अविराचा फुकट फायरवॉल म्हणजे विंडोजच्याच फायरवॉलला लावलेली पाटी, आणि वेबसाठी भर ब्राउझर एक्स्टेन्शनवर. ते ५०० एमबीवालं व्हीपीएन ह्याचंच.

कोमोडो वेगळ्या जातीचा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला हटकणारा खराखुरा फायरवॉल फुकटात देतो, अनोळखी प्रोग्राम वेगळ्या कोंडीत चालवतो, पण विचारतो इतकं की घरातली बाकी माणसं दोन दिवसांत प्रत्येक खिडकीवर अलाउ दाबायला शिकतात आणि मग उपयोग शून्य. बाहेर जाणाऱ्यावर लक्ष ठेवायचंच असेल तर मालवेअरबाइट्सचं विंडोज फायरवॉल कंट्रोल हे छोटं फुकट टूल घ्या, ते विंडोजच्याच फायरवॉलला हाताशी धरतं, त्याचा मीडियम मोड लावला की नियम नसलेला कुठलाच प्रोग्राम बाहेर जात नाही. पहिला आठवडा वैतागाचा जातो हे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न, पुण्याचं क्विक हील फुकट नाही का मिळत? कॉम्प्युटरसाठी ट्रायल मिळते, कायमचं फुकट नाही. पण सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७ पासून बॉट काढायची फुकट टूल्स आहेत, क्विक हीलचंही त्यात आहे, मशिन आधीच कुणाच्या ताब्यात असल्याचा संशय असेल तर ती चालवून बघा. ते सफाईचं साधन आहे, रोजचं संरक्षण नाही.

अपडेट कुठल्या रस्त्याने येतात हाही नेटवर्कचाच प्रश्न आहे बरं का. मुंबईच्या ई-स्कॅनचे अपडेट साध्या एचटीटीपीवरून येत होते, मध्ये बसलेल्या हल्लेखोरांनी ते बदलून गुप्तीमायनर नावाचा मालवेअर घुसवला, कंपनीने २०२३ च्या जुलैअखेर ते भोक बुजवलं आणि एप्रिल २०२४ मध्ये सगळी हकिगत जगासमोर आणली ती अव्हास्टने, म्हणजे दंड बसल्यावर दोनच महिन्यांनी.

स्वतः तपासून बघायचं कसं

यूट्यूबवरच्या चाचण्यांपेक्षा हे बरं. आयकार ह्या अँटीव्हायरस संशोधकांच्या संघटनेची चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, पण सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस समजायचं असं ठरलेलं आहे. ती त्यांच्या साइटवरून एचटीटीपीएसच्या लिंकने उतरवून बघा आणि नेमकं कधी अडवलं ते बघा. डाउनलोड सुरू व्हायच्या आधीच पान अडवलं तर वेब शील्ड एचटीटीपीएसच्या आत बघतंय. फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये आली आणि मग गायब झाली तर पकडलं ते फाइल स्कॅनरने, वेब शील्ड झोपलेलं होतं. अडवणाऱ्या पानावर नाव कुणाचं आहे तेही वाचा, कारण पुष्कळदा श्रेय ब्राउझरचं असतं आणि कौतुक अँटीव्हायरसचं होतं. फिशिंगसाठी ॲम्ट्सो ह्या चाचणीवाल्यांच्या संघटनेच्या साइटवर खोटं फिशिंग पान ठेवलेलं आहे, तेही उघडून बघा.

मग कुठल्याही एचटीटीपीएस साइटवर ॲड्रेसबारमधल्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि इश्यूड बाय वाचा. तिथे तुमच्या अँटीव्हायरसचं नाव दिसलं तर तो मध्ये उभा आहे. बँकेच्या साइटवरही करून बघा, तिथेही त्याचंच नाव असेल तर बँकेची साइट एक्सेप्शनमध्ये टाका नाहीतर एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करून एक्स्टेन्शनवर भागवा.

फायरवॉलच्या चाचणीत एक फसगत होते. शील्ड्सअप सारख्या साइटवर जाऊन पोर्ट तपासले की सगळं हिरवं येतं आणि माणूस खूश, पण ती साइट तुमचा कॉम्प्युटर तपासतच नाही, तुमचा राउटर तपासते, आणि जिओसारख्या कनेक्शनवर आयपीव्ही४ म्हणजे जुन्या पद्धतीचा पत्ता कंपनीच्याच मोठ्या नॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना एका पत्त्याआड ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे असतो त्यामुळे राउटरही नाही, कंपनीचं यंत्र तपासलं जातं. त्यापेक्षा फोनवर नेटवर्क स्कॅनरचं एखादं फुकट ॲप घ्या, दोघं एकाच वायफायवर ठेवा आणि फोनवरून कॉम्प्युटरचे पोर्ट स्कॅन करा, एकदा प्रायव्हेटवर आणि एकदा पब्लिकवर. फाइल शेअरिंग चालू असेल तर प्रायव्हेटवर ४४५ उघडा दिसेल आणि पब्लिकवर नाहीसा होईल. नवा फायरवॉल टाकल्यावर हीच चाचणी परत, पब्लिकवरही ४४५ दिसत असेल तर तो फायरवॉल काढून टाका. आयपीव्ही६ ह्या नव्या पत्ता-पद्धतीत प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा खरा पत्ता मिळतो, नॅटचा आडोसा नसतो, म्हणून राउटर आहे ना मग कशाला फायरवॉल असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

डीएनएसचा उपाय आणि शेवटची साफसफाई

होम आवृत्तीवाल्यांनी डीएनएस बदलला तरी वाईट साइट अडवायचं निम्मं काम होतं. क्वाड९ चा पत्ता ९.९.९.९ आणि क्लाउडफ्लेअरचा मालवेअर अडवणारा १.१.१.२, दोन्ही फुकट. राउटरमध्ये घातला की घरातले फोन आणि टीव्हीसुद्धा त्याच्या खाली येतात, पण कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये हे बदलू देत नाहीत, तेव्हा विंडोज ११ च्या वायफाय सेटिंगमध्ये हाताने घाला आणि तिथेच डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू करा, म्हणजे डीएनएसची विचारणाही कुलूपबंद जाते.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. केवायसी संपलंय म्हणून फोन येतो आणि समोरचा एनीडेस्क हे दुरून तुमचं मशिन चालवू देणारं ॲप टाकायला लावतो, आरबीआयने २०१९ मध्येच बँकांना ह्याबद्दल सावध केलं होतं, तिथे वरचं काहीही कामाला येत नाही कारण कनेक्शन आतून बाहेर जातं आणि परवानगी तुम्हीच दिलेली असते. तसं झालंच तर आधी नेट बंद, मग १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

दोन-तीन प्रॉडक्ट ताडून बघणार असाल तर एका वेळी एकच टाका. काढताना नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, नेटवर्कचे ड्रायव्हर मागे राहतात आणि मग नेट स्लो, काही साइट उघडत नाहीत असले प्रकार सुरू होतात. प्रत्येक कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल असतं, अव्हास्टचं अव्हास्ट क्लिअर, एव्हीजीचं तसंच, ते सेफ मोडमध्ये चालवा, रीस्टार्ट करा, मग मॅनेज प्रोव्हायडर्समध्ये परत डिफेंडर आणि विंडोज फायरवॉलची नावं आलीत ना ते बघा आणि मगच पुढचं टाका.